र उमटत नाही

पहिल्या रांगेतल्या बाईंनी पडद्यावरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं, तेव्हा काहीतरी बिघडलंय हे तिला कळलं. इतक्या वर्षांत त्यांनी तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. कोणीच पाहत नसे. सभागृहाच्या कोपऱ्यात, खांबाला लागून तिचं टेबल होतं. कानांवर हेडफोन, हातांखाली कीबोर्ड, आणि व्यासपीठावरचा माणूस जे बोलेल ते तो बोलता बोलताच ती टाइप करत जाई. तिचे शब्द समोरच्या मोठ्या पडद्यावर उमटत, आणि ज्यांना ऐकू येत नाही किंवा फार कमी येतं अशी माणसं ते वाचत. दर आठवड्याला एक व्याख्यान. कधी ताऱ्यांवर, कधी कापसाच्या इतिहासावर, कधी दातांच्या निगेवर. लोकांनी पडद्याकडे बघावं आणि पडद्यामागे एक बाई बसलीय हे विसरून जावं, एवढीच तिच्या कामाची पावती होती, आणि ती तिला दर आठवड्याला मिळत होती. त्या दिवशी एक पक्षीतज्ज्ञ स्थलांतरावर बोलत होते. तिची नजर नेहमीप्रमाणे बोलणाऱ्याच्या ओठांवर होती, बोटं आपलं काम करत होती, आणि त्या बाई मात्र तिच्याकडे वळून बघत होत्या. रागाने नाही, आपल्या नेहमीच्या वाटेवरचं झाड आज वेगळं का दिसतंय असं बघावं तशा. तिने चटकन पडद्याकडे पाहिलं. ‘हे पक्षी द वर्षी त्याच घट्याकडे पत येतात.’ त्याच्या खाली एक काना एकटाच उभा होता. ज्याला तो लागायचा ते अक्षर आलंच नव्हतं, म्हणून संगणकाने त्याच्या जागी ठिपक्यांचं एक पोकळ वर्तुळ काढून ठेवलं होतं.

तिने र वर जोरात बोट मारलं. आला. पुढच्या शब्दात पुन्हा नाही आला. स गेला, ह गेला, मध्येच एक ह आला. पक्षीतज्ज्ञ सारसांवर पोचले, आणि तिला वाटलं, बाबा रे, दुसरा कुठला तरी पक्षी घे ना. उरलेलं व्याख्यान तिने कसंबसं रेटलं. व्याख्यान संपल्यावर लोक उठले, खुर्च्या सरकल्या, कोणी तिला काही बोललं नाही. सभागृहाचं ध्वनी आणि प्रकाश बघणारे गृहस्थ, ज्यांना सगळे वायर म्हणत, ते गुंडाळलेल्या केबली खांद्यावर टाकून तिच्यापाशी आले. पन्नाशी उलटलेला, सदा झोपेतून उठल्यासारखा दिसणारा माणूस. त्यांनी तिला गिरणी हे नाव ठेवलं होतं, कारण ती बसली की तिच्या टेबलाचा आवाज थांबत नसे. ‘‘आज गिरणीत खडे आले वाटतं,’’ ते म्हणाले. ती म्हणाली, ‘‘काही अक्षरं दाबली जात नाहीयेत. र, ह, स. कधी कधी प.’’ वायरनी कीबोर्डकडे लांबूनच पाहिलं. ‘‘सगळी शेजारशेजारची आहेत. खालची पट्टी गेली असणार. घरी नेऊन जरा साफ करून बघा, नाही तर दुसरा देतो.’’

तिला हे उत्तर आवडलं. शेजारशेजारची अक्षरं एकदम रुसतात, म्हणजे कारण अक्षरांत नाही, त्यांच्या खाली कुठेतरी आहे. तिला एरवी यंत्रांचं फारसं कौतुक नव्हतं, पण या कीबोर्डवर तिचे हात रोज तासन्‌तास असत आणि त्याच्या आत काय आहे हे तिने कधी पाहिलं नव्हतं, याचंच तिला बसमध्ये बसल्या बसल्या नवल वाटत राहिलं. घरी आल्यावर तिने जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि कीबोर्ड पालथा करून थोपटला. बिस्किटांचा चुरा पडला, पेन्सिलीची साल पडली, एक टाचणी पडली. मग चमच्याच्या दांड्याने एकेक कळ उचकटली. खाली प्रत्येकीला एक बोटभरही नसलेली रबराची टोपी होती, बाहुलीच्या घरातल्या माणसांना बसेल एवढी. आणि कळांच्या मधल्या फटींत केस होते. वरवर पांढरे, खाली जाल तसे काळे. ते पांढरे केस तिचेच होते, आणि काळेसुद्धा तिचेच. ती ते चिमटीने काढू लागली. ते चिमटीत नीट येईनात, निसटत राहिले, तेव्हा तिने डाव्या हाताने काढले आणि त्याचं तिला काही विशेष वाटलं नाही.

र ची सुटी कळ तळहातावर घेऊन ती जरा वेळ बसली. कळेवरचं अक्षर पुसून गेलं होतं. र कुठे असतो हे तिला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. बोटाला ठाऊक होतं, तिला नाही. टायपिंगच्या वर्गात सरांनी तिला हेच शिकवलं होतं. वर्ग एका शिवणयंत्रांच्या दुकानाच्या माडीवर भरे, आणि खालच्या यंत्रांचा आवाज वरच्या यंत्रांच्या आवाजात मिसळून जाई. सरांनी लाकडी खोके करून घेतले होते, तळ नसलेले. टाइप करताना हातांवर खोका ठेवायचा. नवी मुलं खोक्याच्या फटीतून डोकावत, मान वाकडी करत. सर म्हणत, जेवताना तोंड शोधतेस का? मग इथे कशाला शोधतेस. पहिले काही दिवस त्या काळोखात आपली बोटं कुणाची तरी वाटत, पाण्याखाली हात घालून हरवलेली अंगठी चाचपावी तशी ती अक्षरं चाचपत. मग एका दुपारी, खिडकीबाहेर कोणीतरी शिडी लावून दिवा बदलत होतं ते बघता बघता, तिचं पान पूर्ण झालं. एकही चूक नव्हती. खोका उचलून तिने आपल्या हातांकडे पाहिलं होतं ते तिला आठवलं. ती तिथे नसताना त्यांनी काम केलं होतं. त्यानंतर तिला टाइप करताना हातांकडे पाहण्याचं कारणच उरलं नाही. हातांनी मागे राहायचं, डोळ्यांनी पुढे बघायचं, अशी वाटणी होऊन गेली, आणि त्या वाटणीवर तिची सगळी नोकरी उभी होती.

स्पिरिटच्या बोळ्याने सगळं पुसून, कळा परत बसवून तिने कीबोर्ड जोडला. र आला नाही. संगणक बंद करून चालू केला, केबल दुसऱ्या जागी खोचली. ह एकदा आला, तोही उशिरा, कंटाळलेल्या माणसाने हो म्हणावं तसा. आई खिडकीजवळ शब्दकोडं घेऊन बसली होती. आईला ऐंशी उलटून गेली होती, कान तिखट होते, आणि घरात कोणी काही उघडून बसलं की तिला ते बघायचं असे. ‘‘काय झालंय त्याला?’’ ‘‘काही अक्षरं उमटत नाहीत.’’ ‘‘मग ती सोडून लिही,’’ आई म्हणाली आणि स्वतःच हसली. तीही हसली. पण नंतर भांडी घासताना ती खरंच मनात करून बघू लागली. र सोडून, स सोडून, ह सोडून काय काय म्हणता येईल? आई म्हणता येतं. पाणी, माती, डोकं, मांजर नाही, बोका येतो. मी येते असं म्हणता येतं, पण मी आहे असं नाही. ती नळ बंद करायला विसरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी वायरनी नवा कोरा कीबोर्ड खोक्यातून काढून दिला. त्याच्या कळांवरची अक्षरं इतकी ठसठशीत होती की ती ओरडल्यासारखी दिसत. ती रिकाम्या सभागृहात टेबलाशी बसली आणि पडदा चालू करून एक परिच्छेद टाइप केला. तीच अक्षरं गेली. वायर खांबाला टेकून पडद्याकडे बघत होते. ‘‘कीबोर्ड नवा आणि रोग जुना,’’ ते म्हणाले, आणि प्रथमच पूर्ण जागे झाल्यासारखे वाटले. ‘‘म्हणजे संगणकातच काहीतरी आहे. हलके दाब सोडून द्यायची एक सोय असते त्यात. कोणाचा हात थरथरत असेल तर चुकून अक्षरं उमटू नयेत म्हणून. ती कोणीतरी चालू केली असणार.’’ त्यांनी ती सोय शोधली. ती बंदच होती. त्यांनी भाषेची मांडणी काढून पुन्हा घातली. मग खुर्ची ओढून स्वतः दोन बोटांनी टाइप केलं, ‘सरपटणारे प्राणी’. पडद्यावर सगळं आलं, स, र, प, सगळं. ‘‘आता तुम्ही.’’ तिने तेच टाइप केलं. ‘‘साप अर्धाच सरपटला,’’ वायर म्हणाले. दोघंही हसले, आणि मग हसू ओसरल्यावर दोघंही पुन्हा पडद्याकडे बघत राहिले. ‘‘मी दाबतो तेव्हा येतात,’’ ते म्हणाले. ‘‘तुमच्याशीच काय वाकडं आहे त्याचं, कळत नाही. घरी न्या, आणखी एखाद्या संगणकाला जोडून बघा.’’

घरी जाताना ती बस चुकवून चालतच निघाली. कोड्यासारखं काहीतरी तिच्यापाशी होतं आणि ते घाईने संपवू नये असं तिला वाटत होतं. दुकानांच्या पाट्या ती वाचत गेली. एका पाटीतलं एक अक्षर पडलं होतं, तरी तिने ते न अडखळता वाचलं आणि पुढे गेल्यावर लक्षात आलं. कोपऱ्यावरच्या फुलवाल्याजवळून जाताना तिला वाटलं, आपण सगळे शेवटी पडद्याकडेच बघतोय. अक्षर आलं की नाही आलं, एवढंच. मधे काय होतं ते कोणी बघत नाहीये. हा विचार चांगला होता, पण तो कुठे न्यायचा हे तिला समजलं नाही, आणि सिग्नल हिरवा झाला.

रविवारी सकाळी तिने नवा कीबोर्ड घरच्या संगणकाला जोडला. इथेही तेच. तिने हात मांडीवर ठेवले. शब्दकोडं सोडून आई केव्हाच मागे येऊन उभी राहिली होती, खुर्चीच्या पाठीला धरून. ‘‘मी दाबू?’’ ‘‘दाब की.’’ ‘‘कुठला तुझा तो र?’’ तिने दाखवला. आईने आयुष्यात कधी टाइप केलं नव्हतं. तिने दारावरची घंटा दाबावी तसं बोट र वर ठेवलं आणि दाबून धरलं. पडद्यावर रररररररर अशी ओळ धावत सुटली, काठापर्यंत गेली, खाली उतरली, पुन्हा धावली. ‘‘अगं, हे थांबवायचं कसं?’’ ‘‘बोट उचल.’’ आईने बोट उचललं आणि ते नीट आहे ना असं वळवून पाहिलं. ‘‘आला की तुझा र. पोत्याने आला.’’ तिने आईच्या हाताशेजारी हात नेऊन तीच कळ दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. ‘‘तू दाबतच नाहीयेस,’’ आई म्हणाली. ‘‘दाबतेय की.’’ ‘‘नाही. नुसतं टेकवलंयस. बघ.’’

तिने पाहिलं. टाइप करताना स्वतःच्या बोटाकडे बघायला तिला मान वाकवावी लागली, आणि मान वाकवताना तिला उगीचच चोरी पकडली जाईल असं वाटलं. उजव्या हाताची तर्जनी र वर होती. तिने दाबलं. बोटाचं शेवटचं पेर मागे वळलं, ओल्या पुठ्ठ्यासारखं. कळ थोडी हलली आणि तिथेच राहिली. आणि हे सगळं होत असताना आपण दाबलं ही जाणीव मात्र पूर्ण आली, कळ तळाला टेकल्याचा तो छोटासा ठोकासुद्धा आला, जो झालाच नव्हता. तिने पुन्हा केलं. पुन्हा ठोका आला आणि कळ गेली नाही. म्हणजे इतकी वर्षं तो ठोका कळेकडून येत नव्हताच की काय. तो तिच्याकडूनच जात होता? तिला भीती वाटायला हवी होती, आणि ती कुठेतरी वाटतही होती, पण भीतीपेक्षा मोठं असं काहीतरी वर आलं होतं, लहानपणी घड्याळाचं मागचं झाकण पहिल्यांदा उघडलेलं पाहिलं तेव्हा आलं होतं तसं. तिने बोट टेबलाच्या कडेवर दाबलं. पेर मागे गेलं. आईच्या तळहातावर दाबलं. ‘‘कळतंय का?’’ ‘‘माशी बसल्यासारखं,’’ आई म्हणाली. स्पर्श तिला पूर्ण कळत होता, आईच्या हाताची सुरकुती न् सुरकुती. दुखत नव्हतं, मुंग्या नव्हत्या. फक्त शेवटच्या पेराने तिचं ऐकणं सोडलं होतं, आणि ते तिला न सांगता. र, ह, स, प, सगळी त्याच एका बोटाच्या वाट्याची अक्षरं. शेजारशेजारची होती हे खरंच होतं. खालची पट्टी गेली हेही खरं होतं. ती पट्टी कुठली एवढंच चुकलं होतं.

मग मागचे दिवस एकेक करून वेगळे दिसू लागले. मध्यंतरी कोपराखाली दुखत होतं, दोन-चार रात्री उशी हाताखाली घेऊन झोपली होती; बाजारातली पिशवी जड झाली म्हणून तिने ते सोडून दिलं होतं. दुखायचं थांबलं तेव्हा बरं झालं असं वाटलं. दुधाची पिशवी ती दातांनी फोडू लागली होती. ब्लाउजची हुकं लावताना चिडत होती, आणि शिंपिणीला नावं ठेवत होती. कुलपात किल्ली फिरत नाही म्हणून कुलपाला तेल घातलं होतं. सगळ्या जगात थोडाथोडा बिघाड होत होता आणि ती बिचारी ज्याला त्याला तेल घालत फिरत होती. तिला हसू आलं, आणि आईने विचारलं, ‘‘हसतेस काय?’’ ‘‘काही नाही गं.’’ आईने तिचं बोट आपल्या मुठीत धरलं, लहान मूल रस्ता ओलांडताना धरतं तसं, आणि बराच वेळ सोडलं नाही. ‘‘डॉक्टरकडे जा उद्या,’’ ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम आईचा झाला. ‘‘उद्याच जा. कोडं सोडवत बसू नकोस.’’

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या आणि कमी बोलत. त्यांनी तिच्या हातावर कुठे कुठे बोट फिरवलं, मान इकडे तिकडे वळवायला लावली, आणि म्हणाल्या, ‘‘अंगठा आणि हे बोट टोकाला टोक लावून गोल करून दाखवा. असा.’’ त्यांचा गोल बांगडीसारखा होता. तिचा झाला नाही. अंगठ्याचं आणि बोटाचं टोक जुळेना. दोघांची सपाट पोटं एकमेकांना चिकटली आणि मधे एक चेपलेला, लांबट आकार राहिला. तिने जोर लावला, आकार आणखी चेपला. डाव्या हाताने करून पाहिला, तो सहज गोल झाला, आणि दोन्ही हात शेजारी धरून ती बघत राहिली. डॉक्टरीणबाईंनाही घाई नव्हती. त्या म्हणाल्या, कोपराखाली एक नस आहे, ती फक्त हलवायचं काम करते, स्पर्शाचं नाही. म्हणून तुम्हाला कळलं नाही. तिला सूज आली असावी. विजेचे हलके झटके देऊन नस तपासून घेऊ. ‘‘परत येईल?’’ ‘‘बहुतेकदा येते. महिने लागतात. पूर्ण येईलच असं आत्ता सांगणार नाही.’’ ‘‘मी टाइप करते. तेच माझं काम आहे.’’ ‘‘या बोटाने सध्या नाही,’’ त्या म्हणाल्या, आणि मग जरा थांबून विचारलं, ‘‘किती दिवस कीबोर्ड दुरुस्त करत होतात?’’ तिने सांगितलं. त्यांनी मान खाली घातली, पण त्या हसल्या ते तिला दिसलं, आणि का कोण जाणे त्या हसण्याने तिला जिन्यावरून उतरताना धीर आला.

वायरनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. ‘‘आणि मी तुम्हाला दुसरा कीबोर्ड देत बसलो,’’ असं दोनदा म्हणाले. मग चाचरत म्हणाले, ‘‘तोवर यंत्र लावून बघू या का? ऐकून आपोआप लिहिणारं निघालंय. वरच्यांचं केव्हापासून चाललंय, लावा लावा. तुम्ही आलात की काढू.’’ तुम्ही आलात की, हे त्यांनी जरा भराभर म्हटलं. तिने बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर तिला जाणवलं की रविवारची ती भीती बोटाबद्दलची नव्हतीच. हात परत आले आणि तोवर टेबल गेलेलं असलं तर?

पुढच्या व्याख्यानाला ती गेली आणि पहिल्यांदाच लोकांमध्ये बसली. जागा नेमकी पहिल्या रांगेतल्या त्या बाईंशेजारी मिळाली. तिचं टेबल रिकामं होतं, त्यावर कोणीतरी पाण्याची बाटली ठेवली होती. पडद्यावर यंत्राची ओळ उमटू लागली. र होता, स होता, एकही अक्षर गळलेलं नव्हतं. शब्द मात्र अधूनमधून भलतेच होते; बोलणारे गृहस्थ धरणांबद्दल बोलत होते आणि पडद्यावर मरणांबद्दल चाललं होतं, आणि तेही इतक्या ऐटीत की शंका यायला जागा नाही. मागे कोणीतरी विनोदावर हसलं, पडद्याला त्याचा पत्ता नव्हता. ती असती तर कंसात ‘हशा’ लिहिलं असतं. मध्यंतरात शेजारच्या बाई तिच्याकडे वळल्या. त्यांचा आवाज गरजेपेक्षा मोठा होता, आणि नजर तिच्या ओठांवर. ‘‘तुम्ही तिथे का नाही?’’ तिने बोट दाखवलं आणि सावकाश, ओठ उघडून सांगितलं. बाईंनी ते बोट हातात घेऊन पाहिलं. त्या पोहायला शिकवायच्या, कान जाईपर्यंत आणि गेल्यावरही. माणसांचे हातपाय हातात घेऊन बघायची त्यांना सवय होती. ‘‘म्हणून र गळत होता होय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.’’

‘‘म्हणजे त्या पक्ष्यांच्या दिवशी?’’

‘‘छे, त्याच्या कितीतरी आधीपासून. आधी एखाददुसरा. मग वाढत गेला. आमच्यात बोलणंही झालं त्यावर. मागच्या रांगेतले मास्तर म्हणत होते, बाई बदलली असेल. मी म्हटलं नाही, बाई तीच आहे, वाक्य तेच आहे.’’

वाक्य तेच आहे म्हणजे काय, तिचं कुठलं वाक्य, ती तर दुसऱ्यांची वाक्यं लिहायची. ‘‘मला सांगायचं ना,’’ ती म्हणाली.

‘‘सांगण्यासारखं काय होतं? आम्ही जन्मभर गळलेलं भरूनच घेतो. घट्याकडे पत, यात न कळण्यासारखं काय आहे?’’ बाईंनी बोट सोडलं. ‘‘अक्षरांचा त्रास नव्हता हो. त्रास वेगाचा. तुम्ही फार भराभर लिहिता. हे यंत्रही तसंच. एक ओळ वाचून मनात काही येतंय न येतंय तोवर ती वर निघून जाते. मग शेवटी प्रश्न विचारा म्हणतात तेव्हा काय विचारायचं होतं तेच आठवत नाही. इतकी वर्षं येतेय, एकदाही विचारलं नाही काही.’’ हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. मध्यंतर संपलं आणि त्या पडद्याकडे वळल्या. ती उरलेलं व्याख्यान ऐकत होती, पण नजर पुनःपुन्हा मागच्या खुर्च्यांवरच्या चेहऱ्यांकडे जात होती. ती कोपऱ्यातून ओठ बघायची, हे चेहरे तिने पाहिलेच नव्हते. ओळ सरकली की ते एकदम वर सरकत, मागे काहीतरी टाकून.

घरी तिने तर्जनीला मधल्या बोटाशी पट्टीने बांधून ठेवलं आणि र, ह, स, प मधल्या बोटाला शिकवायला घेतलं. मधलं बोट उंच आणि जरा गर्विष्ठ होतं. त्याला स्वतःची अक्षरं होती, शेजाऱ्याची उचलायची त्याची तयारी नव्हती. ते क वर जाऊन बसे. घर चं घक होई. आई शेजारी बसून शब्दकोड्यातले शब्द मोठ्याने वाची आणि ती टाइप करी. तिला आता सारखं हातांकडे बघावं लागत होतं, खोक्याच्या फटीतून डोकावणाऱ्या नव्या मुलीसारखं, पण डोकावण्यात मजा होती हे तेव्हा तिला कोणी कळू दिलं नव्हतं. हात काय काय करत असतात! एक बोट निघालं की दुसरी आधीच वाट देतात, करंगळी विनाकारण उभी राहते. हिवाळा गेला. एका सकाळी कपाचा कान धरताना तर्जनीचं पेर किंचित आत वळलं, आणि तिने कप ठेवून देऊन ते पुन्हा करून पाहिलं, आणि ते पुन्हा वळलं. पुढे ते बोट बरंचसं परत आलं, सगळं नाही. जुना वेग कधीच आला नाही. पण त्या सकाळी तिला एवढंच समजलं की आता सभागृहात जाऊन आपलं टेबल परत मागायला हरकत नाही.

वायरनी वरच्यांना काय सांगितलं कोण जाणे, पण यंत्राने धरणांचं केलेलं मरण सगळ्यांच्या लक्षात होतं. त्यांनी टेबलावरची बाटली उचलली, टेबल पुसलं, आणि हेडफोन तिच्या हातात देताना म्हणाले, ‘‘जमेल ना?’’ ‘‘नाही,’’ ती म्हणाली. ‘‘ते बोलतील तितक्या वेगाने नाही जमणार.’’ वायर बघत राहिले. ‘‘मग?’’ ‘‘बघू.’’

व्याख्यान गुहांवर होतं. वक्ते एक भूशास्त्रज्ञ, दाट भुवयांचे, भराभर बोलणारे. पहिली काही वाक्यं तिने पकडली. मग ती मागे पडली, एक वाक्य, दीड वाक्य. पूर्वी ती अशा वेळी गाळायची, दोन वाक्यांचं एक करायची, कोणाला कळतही नसे. आता तिने हात कीबोर्डवरून उचलला आणि वर केला. भूशास्त्रज्ञ बोलत राहिले. तिने हात तसाच धरला, आणि मग सबंध सभागृहात ऐकू जाईल असं म्हणाली, ‘‘जरा थांबा.’’

ते थांबले. त्यांनी आवाज कुठून आला ते शोधलं, आणि कोपऱ्यात खांबाशी बसलेली बाई त्यांना दिसली. ‘‘मी मागे राहिलेय,’’ ती म्हणाली. ‘‘तुमचं गुहेत पाणी कसं शिरतं तिथवरच लिहून झालंय.’’ भूशास्त्रज्ञांनी पडद्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि मग बहुधा त्या दिवशी प्रथमच समोर बसलेल्या लोकांकडे पाहिलं. ‘‘अच्छा. लिहा, लिहा. मी थांबतो.’’ तिने राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. मग जरा विचार करून खाली लिहिलं, ‘वक्ते थांबले आहेत.’ लोक हसले. ती ‘हशा’ लिहायला गेली, आणि ह साठी मधलं बोट सरकवता सरकवता तिला दिसलं की पडदा हलत नाहीये आणि चेहरेही हलत नाहीयेत. ते सगळे त्या एका ओळीवर होते, पाण्याने दगड विरघळून आत काळोखाची तळी होतात आणि त्यांत आंधळे मासे राहतात, या ओळीवर. पहिल्या रांगेत एक हात वर झाला. पोहायच्या बाईंचा.

‘‘मला विचारायचंय,’’ त्या त्यांच्या मोठ्या आवाजात म्हणाल्या. भूशास्त्रज्ञ म्हणाले, ‘‘प्रश्न शेवटी...’’ आणि मग बोलता बोलता थबकले, हात पुढे करून म्हणाले, ‘‘विचारा.’’

‘‘ते मासे आंधळे, आणि तळं काळोखात. मग एकमेकांवर आपटत नाहीत का?’’

तिने प्रश्न टाइप केला, बाई बोलल्या तस्सा. तो पडद्यावर गेला. भूशास्त्रज्ञांनी तो तिथे वाचला, ऐकलेला असूनही वाचला, आणि भुवया वर गेल्या. ‘‘मी दगडांचा माणूस,’’ ते म्हणाले, आणि आता ते सावकाश बोलत होते, तिच्याकडे बघत, एकेक शब्द तिच्या हातात देत. ‘‘मासे मी पाहिलेत. खूप वेळ पाहिलेत. आपटत नाहीत. का आपटत नाहीत, हे मला माहीत नाही.’’ मागच्या रांगेत आणखी एक हात वर झाला, त्याच्या बाजूला दुसरा. तिने लिहिलं, मला माहीत नाही, पूर्णविराम दिला, आणि पुढे कोण काय म्हणतंय ते ऐकायला मान वर केली.